लोकर घाबरते

परभणीत थंडी पडते म्हटलं की
पुण्याचे पाहुणे हसतात.
हसू द्या.
विद्यापीठाच्या मागच्या रानात
पहाटे वाकून, बॅटरीच्या उजेडात
तापमापीचा आकडा त्यांनी कधी वाचलेला नाही.
ह्यांनी वाचला, एकतीस वर्षं,
वच्छीवन्संनी विणलेल्या निळ्या स्वेटरात.

फाल्गुनात ऊन चावायला लागलं
की तो स्वेटर माझ्या ताब्यात येतो.

आधी फरशीवर जुना पेपर अंथरते.
त्यावर स्वेटर, हात पसरून, पालथा.
कडेकडेनं पेन्सिल फिरवते:
बाही, बगल, कंबर, गळा.
उचलला की पेपरवर एक माणूस उरतो,
बिनडोक्याचा.

पाणी बोअरचं घ्यायचं नाही.
त्यानं आमच्या तोट्यांना पांढऱ्या मिशा फुटल्यात,
त्यात तुरीची डाळ शिजत नाही,
लोकर काय मऊ राहणार?
नळ आठव्या दिवशी येतो.
त्यातल्या दोन बादल्या झाकून ठेवते,
आणि कुणी तांब्या बुडवला
तर पाहुण्यावरही ओरडते.

रात्री भिजवलेले रिठे सकाळी कुस्करायचे,
पाणी फडक्यातून गाळायचं.
किती कोमट?
तान्ह्याच्या अंघोळीला बघतात तसं
कोपर बुडवून बघायचं.
मग स्वेटर त्यात सोडायचा.
सोडायचा फक्त.
तळव्यानं दाबायचा, थांबायचं, परत दाबायचा.
मनगटाची मळकी पट्टी दिसते, हात शिवशिवतात,
तरी घासायची नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लग्नाला तीन महिने झालेले,
मी कढत पाणी घेतलं, मूठभर सोडा घातला,
दगडावर आपटला, ब्रश मारला,
आणि लगेच हौदाच्या गार पाण्यात बुचकळला.
दोरीवरून काढला तेव्हा
बाह्या पुठ्ठ्यासारख्या, छाती वीतभर.
ह्यांनी हातात धरून बघितला
आणि म्हणाले, "माझ्या अंगात येत नाही ह्यो."
बाकी काही नाही बोलले. तेच लागलं.

वन्सं मानवतहून आल्या.
पाय मोडून चार महिने पडून होत्या,
तेव्हा विणलेला तो स्वेटर.
मी पदराखाली लपवलेला, त्यांनी ओढून घेतला,
बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.
"लोकर म्हंजे केस हाय मेंढीचा," म्हणाल्या,
"एकदम कढत, एकदम गार,
वरून मार. घाबरलं की आखडतं गं.
तू तरी काय करायलीस, उभी थरथरत?"

तो स्वेटर शाहीनच्या हमजाला गेला.
चौथीपर्यंत घातला त्यानं,
वारा शिरायचा नाही त्यातून.
आता त्यांच्या मांजरीच्या खोक्यात आहे.
वन्संनी दुसरा विणला, त्याच निळ्यात,
एक टाका सैल. मुद्दाम, असं मला वाटतं.

तर, पिळायचा नाही.
जाड पंचात गुंडाळायचा, पोळीत गूळ गुंडाळावा तसा,
आणि त्यावर अनवाणी हळूहळू चालायचं.
पंचा पाणी पितो.
दोरीवर टांगला की खांद्यांना शिंगं फुटतात,
म्हणून बाजेवर, लिंबाच्या सावलीत, आडवा.
खाली तोच पेपर, वर पातळ फडकं.
रेघेबाहेर गेलं तर आत सारायचं,
आत राहिलं तर हलकंच ओढायचं.

जुने पेपर मी टाकलेले नाहीत.
ट्रंकेच्या तळाशी आहेत, डांबरगोळ्यांच्या वासात.
यंदा एकावर एक ठेवून उजेडाला धरले.
कंबरेची रेघ दरसाली बाहेर सरकत गेलेली,
सुपारीएवढी, मग लिंबाएवढी.
मागच्या दोन वर्षांत ती आत आली आहे.
मी लोकर ओढली नव्हती.

वैशाखात हे रिटायर होतात.
तिथं आता डबा बसवलाय, आकडा आपला आपण पाठवतो.
तरी आज पाचलाच उठले,
अंगणात बनियनवर उभे राहिले,
हवेत हात धरला आणि म्हणाले,
"साडेसतरा असंल."

मी बाजेकडं गेले.
बाकी सगळा वाळलाय,
गळ्याशी अजून ओल आहे.